तीन चाकी मोटारसायकल: रिव्हर्स टाकताना करकर होते आणि चढावर गिअर सुटतो

तिसरे_चाक (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी तीन चाकी मोटारसायकल आहे. पुढे एक चाक, मागे दोन चाके, मध्ये इंजिनाचा जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागे तो जोर दोन्ही चाकांत वाटणारे डिफरन्शियल अशी तिची रचना आहे. पुढे जाण्याचे पाच गिअर नेहमीच्या मोटारसायकलप्रमाणे डाव्या पायाने पडतात. रिव्हर्ससाठी सीटच्या बाजूला स्वतंत्र दांडा आहे आणि तो एका लोखंडी रॉडने मागच्या रिव्हर्स पेटीचा हात सरकवतो.

गेल्या काही काळापासून दोन तक्रारी एकत्र सुरू झाल्या आहेत. गाडी पूर्ण उभी असताना, क्लच शेवटपर्यंत दाबून रिव्हर्सचा दांडा ओढला की करकर असा आवाज येतो आणि दांड्याला हाताला झणझणीत धक्के बसतात. इंजिन बंद ठेवून तोच दांडा ओढला तर मात्र गिअर निमूटपणे पडतो. दुसरी तक्रार अशी की सपाटीवर मागे घेताना काही होत नाही, परंतु मागच्या बाजूला चढ असेल आणि हौद्यात वजन असेल तर गाडी जेमतेम हलते, ‘खट्’ असा आवाज होतो आणि दांडा स्वतःहून मध्यावर येतो. पुढच्या पाचही गिअरमध्ये असे कधीच होत नाही.

गॅरेजमध्ये पूर्ण रिव्हर्स पेटीच बदलावी असे सांगण्यात आले. पेटी उघडूनही न पाहता दिलेला हा सल्ला मला पटलेला नाही. काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शंकासुर

उत्तराआधी काही प्रश्न विचारतो, कारण तीन चाकी म्हटले की रचना एकच असते असे नाही. रिव्हर्स पेटी फ्रेमला बसवलेली आहे, की मागच्या ॲक्सलवर डिफरन्शियलला जोडलेली आहे? दांडा ओढताना इंजिनाचा गिअर न्यूट्रलमध्ये असतो की पहिल्यात? आणि गिअर सुटतो तो ॲक्सिलरेटर दिलेला असताना, की सोडल्यावर? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट आठवून द्या; निदानाचा अर्धा भाग त्यावरच अवलंबून आहे.

वळणवाट

माझ्या ओळखीतील बरेच चालक चढावर मागे घेताना रिव्हर्सचा दांडा हाताने दाबून धरतात, काही जण तर त्याला रबरी पट्टा अडकवतात. तेवढ्यापुरते काम भागते. पेटी उघडण्याचा घाट घालण्याआधी हा उपाय करून पाहायला हरकत नसावी.

ग्रीसचे_हात

वळणवाट, आपल्याविषयी आदर राखून सांगतो, हा उपाय कोणालाही सुचवू नये. पेटीतला फोर्क, म्हणजे दोन टोकांचा चिमट्यासारखा भाग, गिअर सरकवण्यापुरताच बनवलेला असतो. गिअर एकदा पूर्ण बसला की फोर्कची टोके खाचेत मोकळी राहायला हवीत. गिअर फिरत असताना त्यांच्यावर बाजूने जोर राहता कामा नये. दांडा दाबून धरला की तो सगळा जोर फिरत्या गिअरच्या खाचेवर घासत राहतो. टोके तापून निळी पडतात, झिजतात, आणि मग जो गिअर आधी फक्त चढावर सुटत होता तो सपाटीवरही सुटू लागतो. डॉगसोबत (गिअर जोडणाऱ्या ठोकळेवजा दातांच्या भागासोबत) फोर्कही बदलण्याची वेळ येते ती याच सवयीमुळे. शिवाय मागे घेताना एक हात दांड्यावर अडकला की हँडल एका हातात राहते, आणि रिव्हर्समध्ये तीन चाकीचे हँडल एका हाताने सांभाळणे ही साधी गोष्ट नाही.

तिसरे_चाक

शंकासुर, आपल्या प्रश्नांची उत्तरे अशी. पेटी मागच्या ॲक्सलवरच, डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाशी बसवलेली आहे. दांडा ओढताना मी इंजिनाचा पहिला गिअर आधीच टाकून ठेवतो, कारण गाडी घेतली तेव्हा तशीच पद्धत दाखवली गेली होती. गिअर सुटतो तो नेहमी ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडताना, म्हणजे ओढ सर्वांत जास्त असते तेव्हा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सुटल्याचे आठवत नाही. आणि हौदा रिकामा असेल तर चढावरही क्वचितच सुटतो.

गिअरपेटी

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. आधी पेटीच्या आत काय घडते ते सांगतो, म्हणजे पुढची तपासणी आंधळेपणाने होणार नाही.

दोन गिअर एकमेकांत अडकले की ते विरुद्ध दिशांना फिरतात. त्यांच्यामध्ये तिसरा गिअर घातला की शेवटच्या गिअरची दिशा पुन्हा बदलते. या मधल्या गिअरला आयडलर म्हणतात आणि रिव्हर्सचे सगळे रहस्य एवढेच आहे. आपल्या पेटीत इंजिनाकडून येणारा शाफ्ट एका सरकत्या डॉगमार्फत एकतर थेट चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जोडला जातो, किंवा आयडलरवरून फिरून येणाऱ्या गिअरला जोडला जातो. डॉग म्हणजे गिअरच्या अंगावरचे ठोकळ्यासारखे जाड दात. हे दात समोरच्या गिअरच्या खाचेत शिरतात आणि फिरण्याचा जोर पुढे पोहोचवतात. मोटारगाडीच्या पुढच्या गिअरमध्ये दोन्ही भागांचा वेग जुळवून देणारे सिंक्रोनायझर असते. या पेटीत तसे काहीही नाही. त्यामुळे दोन्ही बाजू थांबलेल्या असतील तरच डॉग शांतपणे आत शिरतो. एक बाजू जरी फिरत असली तरी दातांची टोके एकमेकांवर आपटतात, आणि आपल्याला ऐकू येणारी करकर म्हणजे तीच आपटाआपट असते.

गाडी उभी असल्याने चाकांकडची बाजू थांबलेलीच आहे. तरीही करकर होते, याचा अर्थ इंजिनाकडची बाजू फिरत आहे. आपण पहिला गिअर टाकून, क्लच दाबून दांडा ओढता, तेव्हा ती बाजू थांबवण्याची जबाबदारी पूर्णपणे क्लचवर पडते. म्हणून माझा पहिला संशय रिव्हर्स पेटीवर नसून क्लचवर आहे. इंजिन बंद असताना गिअर निमूटपणे पडतो, ही आपलीच नोंद या संशयाला बळ देते.

याची खात्री करायला हत्यार लागत नाही. गाडी थांबवा, इंजिनाचा गिअर न्यूट्रलमध्ये आणा, क्लच दाबून क्षणभर थांबा, रिव्हर्सचा दांडा ओढा आणि त्यानंतर पहिला गिअर टाका. अशा क्रमाने करकर नाहीशी झाली तर रिव्हर्स पेटीचा या आवाजाशी संबंध नाही. कधीकधी या क्रमाने दांडा अर्ध्यावर अडेल, कारण डॉगचा दात नेमका समोरच्या दातावर आलेला असतो. अशा वेळी जोर न लावता गाडी बोटभर पुढे-मागे ढकलावी, दात खाचेसमोर येतो आणि गिअर पडतो.

गिअर सुटण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी ग्रीसचे_हात यांच्यावर सोपवतो.

ग्रीसचे_हात

गिअरपेटी यांनी सांगितलेल्या क्रमात मी एवढीच भर घालतो की क्लचची तपासणी बाहेरून आत अशी करावी. सर्वप्रथम क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळा खेळ किती आहे ते पाहा. बहुतेक मोटारसायकलींच्या माहितीपुस्तिकेत तो १० ते २० मिलिमीटरच्या दरम्यान दिलेला असतो. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेतून घ्यावा. खेळ जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून पुरेशा अलग होत नाहीत. मग केबल पाहावी: बाहेरचे आवरण टोकाशी दबलेले असते किंवा आतली तार एकेक धागा तुटून ताणलेली असते. इंजिनाचे आयडल (ॲक्सिलरेटर न देता चालण्याचा वेग) वाढलेले असेल तरी करकर वाढते, तेही बघून घ्यावे. ऑइल घट्ट असेल आणि इंजिन थंड असेल तर ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचच्या प्लेटा थोड्याफार चिकटून राहतात. इंजिन तापल्यावर आवाज कमी होत असेल तर कारण तिथे आहे. हे सगळे ठीक निघाले तरच क्लचचे झाकण उघडावे आणि प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा आहेत का ते पाहावे. अशा खाचांमध्ये प्लेटा अडकतात आणि सरकत नाहीत.

आता गिअर सुटण्याविषयी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर सुटत असता तर मी आधी फोर्कच्या दांडीवरचा बॉल आणि स्प्रिंग यांच्याकडे बोट दाखवले असते. हा छोटा बॉल दांडीवरच्या खाचेत बसून गिअरला जागेवर धरून ठेवतो. स्प्रिंग मलूल झाली की बारीक धक्क्यानेही गिअर निसटतो. परंतु आपला गिअर पूर्ण ओढीखाली सुटतो. ओढीखाली सुटण्याची मुख्यतः दोनच कारणे असतात. एकतर डॉग पूर्ण खोलवर बसतच नाही, किंवा त्याच्या दातांच्या कडा गोल झालेल्या आहेत. चांगल्या डॉगच्या दातांना आतल्या अंगाने किंचित तिरका काप दिलेला असतो, त्यामुळे ओढ वाढली की दोन्ही भाग एकमेकांना आणखी आत खेचतात. कडा गोल झाल्या की हाच हिशोब उलटतो आणि ओढ जितकी जास्त, तितका डॉग बाहेर ढकलला जातो.

यातले पहिले कारण पेटी न उघडता तपासता येते आणि आपल्या बाबतीत तेच आधी तपासावे, कारण हौदा भरलेला असतानाच गिअर सुटतो. पेटी ॲक्सलवर आहे आणि दांडा फ्रेमवर आहे. वजन पडले की पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबतात आणि ॲक्सल फ्रेमच्या जवळ येतो. शिवाय रिव्हर्समध्ये ओढ लागली की ॲक्सल पुढे जाताना पिळतो त्याच्या उलट दिशेने पिळतो. दोन्हींमुळे पेटीवरचा हात जागेवरून हलतो, पण रॉडची लांबी तीच राहते. म्हणजे रॉडच तो हात न्यूट्रलकडे ओढतो. रिकाम्या गाडीत जेमतेम बसलेला गिअर भरल्या गाडीत सुटतो तो असा.

गाडी सपाटीवर उभी करा, तिन्ही चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा. रिव्हर्स टाका आणि पेटीवरच्या हाताची जागा खडूने आखून ठेवा. मग रॉडची मागची पिन काढा आणि तोच हात नुसत्या हाताने रिव्हर्सच्या दिशेला आणखी ढकलून पाहा. खडूच्या खुणेच्या पुढे तो जात असेल तर दांडा गिअर पूर्ण बसवत नाही, हे सिद्ध झाले. ही तपासणी रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही अवस्थांत करावी.

शंकासुर

सहमत. फक्त एक पुरवणी जोडतो. दुसऱ्या माणसाला ब्रेक घट्ट दाबून बसवावे, पहिला गिअर आणि रिव्हर्स टाकून त्याने क्लच अगदी थोडा, ओढ जाणवेपर्यंतच सोडावा, आणि आपण बाजूला उभे राहून दांडा आणि रॉड पाहावा. दांडा डोळ्यांदेखत सरकत असेल तर दोष जोडणीत किंवा पाट्यांच्या बुशमध्ये (सांध्यातल्या नळीत) आहे. दांडा स्थिर राहून एकदम उडी मारत असेल तर दोष डॉगमध्ये असण्याची शक्यता जास्त. गाडीच्या मागे किंवा पुढे कोणीही उभे राहू नये, आणि हात रॉडपासून दूर ठेवावेत.

नवा_स्वार

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या तीन चाकीला रिव्हर्स गिअर नसून विजेवर चालणारे रिव्हर्स आहे. बटण दाबले की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि गाडी जागची हलत नाही. कधी सपाटीवर चालते, पण थोडासा चढ आला की मध्येच बंद पडते आणि काही वेळाने पुन्हा सुरू होते. वरील तपासणी मलाही लागू पडेल का?

विद्युतप्रवाह

नाही, आपला प्रकार वेगळ्या घराण्यातला आहे. तीन चाकींमध्ये आणि साइडकारच्या गाड्यांमध्ये गिअरचा रिव्हर्स आणि विजेचा रिव्हर्स ही दोन्ही घराणी जुन्या काळापासून शेजारी शेजारी नांदत आहेत. हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार ही तीन चाकी १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत होती आणि तिच्या गिअरबॉक्समध्येच रिव्हर्स असे. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएमडब्ल्यू आर ७५ आणि झुंडाप केएस ७५० या साइडकारच्या गाड्यांनाही गिअरचा रिव्हर्स होता, आणि उरालच्या साइडकारला तो आजही असतो. कॅन-ॲम स्पायडर या तीन चाकीचा रिव्हर्सही गिअरबॉक्समधला आहे. याउलट होंडाने १९८८ च्या गोल्ड विंग या जड दुचाकीला इंजिनाच्या स्टार्टर मोटरचाच वापर करून मागे नेण्याची सोय दिली, आणि २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या हार्ले-डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइड या तीन चाकीवरही रिव्हर्स विजेच्या मोटरवर चालतो. अशा रचनेत मागे जाण्याचा वेग माणसाच्या चालीइतकाच असतो आणि मोटर अल्पकाळच चालवण्यासाठी असते.

आता आपल्या तक्रारीकडे वळतो. ‘टक्’ असा आवाज येतो म्हणजे बटण आणि सोलेनॉइडची (जड प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल काम करत आहेत. जड प्रवाह मात्र मोटरपर्यंत पोहोचत नाही. मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद ठेवून काही तास विसावलेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या, त्याशिवाय पुढची कोणतीही मोजणी विश्वासार्ह ठरत नाही. नंतर मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटरच्या अंगावर ठेवा आणि मदतनीसाला बटण दाबायला सांगा. मीटरने ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. हीच मोजणी धन टोकापासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत करा. तिथे फरक जास्त निघाला तर सोलेनॉइडचे आतले काँटॅक्ट जळलेले असण्याची शक्यता मोठी आहे. बॅटरी चांगली असूनही रिव्हर्स चालत नाही, असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दोष या दोन जागी निघतो.

चढावर मध्येच बंद पडून काही वेळाने सुरू होणे हे बहुधा उष्णतेने तुटणाऱ्या संरक्षक ब्रेकरचे काम आहे. चढावर मोटर जास्त प्रवाह ओढते, ब्रेकर तापतो, तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडला जातो. तो आपले कर्तव्यच करत आहे, त्यामुळे त्याला बगल देऊन थेट तार जोडण्याचा मोह टाळावा. अर्थची केबल साफ केल्यावरही हे होत राहिले तर चढ मोटरच्या कुवतीबाहेरचा आहे, किंवा मागचा ब्रेक चाकाला घासतो आहे. चाके उचलून हाताने फिरवून पाहा.

आणि ‘टक्’ आवाजही येत नसेल तेव्हा आधी न्यूट्रलचा दिवा लागलेला आहे का ते पाहावे. अशा बहुतेक रचनांमध्ये न्यूट्रलचा स्विच, कधी साइड स्टँडचा किंवा पार्किंग ब्रेकचा स्विच, रिव्हर्सला परवानगी देतो. न्यूट्रलचा दिवा मिणमिणत असेल तर दोष त्या स्विचच्या तारेत शोधावा.

नवा_स्वार

मनःपूर्वक आभार. अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर आणि हिरवट गंज सापडला. साफ करून बसवल्यावर सपाटीवर आता रिव्हर्स एका दाबात चालते. चढाचा प्रश्न ब्रेक तपासल्यावर वेगळ्या धाग्यात मांडतो, म्हणजे मूळ विषयाला फाटा फुटणार नाही.

तिसरे_चाक

तपासणीचा वृत्तांत लिहितो. न्यूट्रलमध्ये रिव्हर्स टाकून मग पहिला गिअर टाकण्याच्या क्रमाने करकर जवळपास नाहीशी झाली. क्लच लिव्हरचा खेळ पुस्तिकेत दिल्यापेक्षा बराच जास्त निघाला. केबलच्या खालच्या टोकाचे आवरण चेपले होते. नवी केबल टाकून खेळ जुळवल्यावर आता पहिला गिअर आधी टाकला तरीही करकर होत नाही. तरी मी यापुढे न्यूट्रलचाच क्रम पाळणार आहे.

रॉडची तपासणी मात्र खरोखर डोळे उघडणारी ठरली. पिन काढून पेटीवरचा हात ढकलला तेव्हा तो खडूच्या खुणेच्या पुढे जवळजवळ अंगठ्याच्या नखाएवढा सरकला आणि आतून स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला. दांड्याने ओढताना हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, कारण दांडा सीटखालच्या पत्र्याच्या फटीच्या कडेला टेकून तिथेच थांबत होता. पत्र्यावर दांड्याने घासून पाडलेली चकचकीत खूणही दिसली. हौद्यात वजन ठेवल्यावर दांड्याने ओढलेला हात पहिल्या खडूच्या खुणेपर्यंतही पोहोचत नव्हता. रॉडच्या टोकाचा लॉकनट सैल करून लांबी जुळवली, आता दांडा फटीच्या कडेला टेकण्याआधी पेटीतला ‘टक्’ ऐकू येतो.

रिकाम्या गाडीत आता गिअर सुटत नाही. भरल्या गाडीत चढावर मात्र अजूनही अधूनमधून सुटतो. आधीइतका नव्हे, पण सुटतो.

ग्रीसचे_हात

हे अपेक्षितच होते. डॉग इतका काळ अर्धवट खोलीवर बसून ओढ सहन करत होता, म्हणजे दातांचा सगळा भार टोकाच्या पातळ पट्टीवर येत होता. तेवढीच पट्टी गोल झाली असणार. आता खोली बरोबर आहे, पण कडा परत येणार नाहीत.

उघडण्याआधी ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असेल तर ते पाहा. राखाडी, मऊ लगद्यासारखा थर हा नेहमीच्या झिजेचा असतो आणि त्याची चिंता नको. नखाने टोचतील असे कण किंवा चमकणारे तुकडे दिसले तर दात तुटत आहेत आणि त्या अवस्थेत गाडी चालवू नये, कारण तुटका तुकडा दोन गिअरमध्ये सापडला तर पेटी जागीच जाम होते आणि मागची चाके अडकतात.

उघडल्यावर सरकता डॉग आणि रिव्हर्सचा गिअर हे दोन्ही भाग एकत्र बदलावेत. जुन्या गोल खाचेवर नवा डॉग बसवला तर नवी कडाही लवकरच तशीच होते. फोर्कची टोके समोरासमोर धरून पाहा; एक टोक दुसऱ्यापेक्षा पातळ असेल किंवा फोर्क वाकलेला असेल तर तोही बदला. आयडलरची पिन आणि तिचे बुश हाताने हलवून पाहा. बॉल आणि स्प्रिंग काढताना छिद्रावर कापड धरा. ती स्प्रिंग उडते आणि मग गॅरेजभर शोधत बसावे लागते.

वळणवाट

दांडा धरण्याविषयीचा माझा सल्ला मागे घेतो. फोर्कचा मुद्दा लक्षात घेतलेला नव्हता. मात्र एक वेगळी शंका आहे. ग्रीसचे_हात यांनी वर म्हटले की रिव्हर्समध्ये हँडल सांभाळणे अवघड असते. तीन चाकी तर तोल जाऊन पडत नाही, मग अडचण काय?

शंकासुर

पडत नाही हे खरे, पण पुढचे चाक वळवले जाते. हँडल ज्यावर फिरते तो पुढच्या चाकाच्या फोर्कचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो, त्याच्या थोडे मागे टायर टेकलेले असते. पुढे जाताना या अंतरामुळे चाक आपोआप सरळ राहते. मागे जाताना नेमके उलटे होते. थोडेसे वळलेले चाक आणखी वळू पाहते आणि हँडल एका बाजूला जाऊन आपटते. वेग जितका जास्त, तितका झटका मोठा. त्यातच स्वतंत्र रिव्हर्स पेटी असलेल्या गाडीत इंजिनाचे पाचही गिअर मागे जाताना उपलब्ध असतात, म्हणजे दुसरा टाकून भरधाव मागे जाणे यंत्राला शक्य असते. ते कधीही करू नये.

ब्रेकचीही एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. काही ड्रम ब्रेकमध्ये दोन्ही शू चाकाच्या फिरण्याने ड्रमकडे ओढले जातील असे बसवलेले असतात, त्यामुळे पुढे जाताना ते जोरदार लागतात. मागे जाताना तेच दोन्ही शू ड्रमपासून दूर ढकलले जातात आणि ब्रेक लक्षणीय कमी लागतो. आपल्या गाडीत अशी रचना असेल तर उतारावर मागे घेताना लिव्हर नेहमीपेक्षा जास्त दाबावी लागेल, ही तयारी मनात ठेवूनच क्लच सोडावा.

साखळीवाला

माझी तीन चाकी चेनवर चालते आणि रिव्हर्स पेटी इंजिनाला लागून, म्हणजे चेनच्या आधी आहे. मागे घेताना खडखड होते आणि कधीकधी चेन स्प्रॉकेटवर उडी मारते. पुढे जाताना आवाज नाही. हाही डॉगचाच दोष समजावा का?

गिअरपेटी

नाही. पुढे जाताना चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची सैल असते. रिव्हर्समध्ये खालची बाजू ताणली जाते आणि सगळी ढिलाई वर येते. चेन सैल असेल तर ती ढिलाई वरून स्प्रॉकेटवर ढीग झाल्यासारखी येऊन दात चुकवते. आपल्या गाडीत खालच्या बाजूला स्प्रिंगवर चालणारा ताणक असेल तर तोही पाहावा. तो सैल बाजू उचलून धरण्यासाठी असतो, रिव्हर्समध्ये ताणलेल्या चेनचा पूर्ण जोर त्याच्यावर येतो आणि तो वाकतो. चेनची ढिलाई पुस्तिकेप्रमाणे ठेवा, ताणकाला पक्का थांबा आहे की नाही ते पाहा, आणि क्लच झटक्याने सोडू नका.

प्रोपेलर शाफ्ट असलेल्यांना याच जागी वेगळा आवाज येतो. दिशा बदलताना येणारा एकच ‘खट्’ हा पुष्कळदा शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या सुयांची (बारीक बेअरिंगची) झीज सांगतो. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळला की क्रॉसमधला खेळ हाताला लगेच कळतो.

तिसरे_चाक

पेटी उघडली. चुंबकावर राखाडी लगदाच होता, तुकडे नव्हते. सरकत्या डॉगची पुढे जाण्याकडची बाजू जवळजवळ नवीसारखी आहे. रिव्हर्सकडच्या दातांच्या कडा मात्र बोट फिरवल्यावर साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत लागतात, आणि तिरक्या कापाचा मागमूस उरलेला नाही. फोर्क सरळ आहे, टोके सारखी आहेत. डॉग आणि रिव्हर्सचा गिअर दोन्ही बदलले, बॉलची स्प्रिंगही नवी टाकली. पुस्तिकेत सांगितलेले ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरले.

हौदा भरून, चढावर, पहिल्या गिअरमध्ये मागे घेतली. सुटला नाही. मात्र रिव्हर्समध्ये जाताना वेगाबरोबर वाढणारा गुंजनासारखा आवाज आता जास्त स्पष्ट ऐकू येतो. तो चिंतेचा आहे का? आणि रिव्हर्सचा मागचा दिवा आता दांडा पूर्ण बसण्याआधीच लागतो, तो कसा जुळवावा?

गिअरपेटी

आवाज वेगाबरोबर सलग चढत-उतरत असेल तर तो सरळ दातांचा नैसर्गिक आवाज आहे. रिव्हर्सचे गिअर बहुधा सरळ दातांचे असतात, कारण ते अल्पकाळ आणि कमी वेगात वापरायचे असतात. नवा गिअर आणि जुना आयडलर एकमेकांत बसेपर्यंत तो थोडा जास्त येतो. आवाज तालात, म्हणजे प्रत्येक फेरीला एक ठोका असा येऊ लागला तर आयडलरचा एखादा दात खराब आहे असे समजून पुन्हा उघडावे.

दिव्याचा स्विच पेटीत ज्या जागी पिळून बसवला आहे, तिथे त्याच्याखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो. थोडा जाड वॉशर घातला की स्विचचे टोक उशिरा दाबले जाते आणि दिवा गिअर पूर्ण बसल्यावरच लागतो. दोन पातळ वॉशर एकावर एक घालू नयेत, तिथून ऑइल झिरपते. नवे भाग टाकलेले असल्याने पहिले ऑइल नेहमीपेक्षा लवकर काढून पाहावे आणि त्याच वेळी रॉडचा लॉकनट घट्ट आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.